काटेसाहेबांची टीव्हीखरेदी

मोठा टीव्ही घेऊ या, असं काकू एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाल्या, आणि काटेसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण काकूंनी स्वतःहून घरात काही मोठी वस्तू मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. फ्रिज आला तो लेकीच्या हट्टाने. कपडे धुण्याचं मशीन आलं ते काकूंचा खांदा आखडला तेव्हा, आणि तेही "कशाला उगाच, दोन माणसांचे कपडे ते किती" असं त्या म्हणत असताना. घरातला टीव्ही जुना होता, पण चालत होता. त्याचा आवाज अधूनमधून बसायचा आणि डोक्यावर एक थाप मारली की सुटायचा. काटेसाहेबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"मोठा म्हणजे किती मोठा?" त्यांनी विचारलं.

"भिंतभर."

"आणि हे एकदम कुठून सुचलं?"

"सेल लागलाय म्हणे चौकातल्या दुकानात. जावईबापू सांगत होते," काकू म्हणाल्या. म्हणताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं. कपाच्या काठाला बोट लावून त्या चहा ओतत होत्या, चहा बोटाला लागल्यावर थांबल्या आणि कप त्यांच्यापुढे सरकवला. पण त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू, वजनं, मापं तपासत फिरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि लोकांनी ठेवलेलं नाव तेवढं मागे राहिलं. वजनाच्या तळाचं शिसं कोण कोरून काढतो, पारड्याखाली लोहचुंबक कोण चिकटवतो, मापाला आतून दुसरा तळ कोण बसवतो, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. या अनुभवातून त्यांनी एक नियम बनवला होता आणि तो ते येईल जाईल त्याला सांगत. काटा तपासण्याआधी माणूस तपासावा. ज्याचा काटा खोटा, तो डोळ्याला डोळा देत नाही.

निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. दूधवाल्याचं माप ते घरच्या भांड्यात ओतून बघत. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहिलं की पारडं पुसून ठेवायची. शेजारपाजारचे त्यांना घेऊन खरेदीला जात, पण एकदाच. दुसऱ्यांदा कोणी बोलवत नसे, कारण काटेसाहेबांबरोबर साधी कढई घ्यायला गेलं तरी दुपार जायची आणि कढई मिळायची नाही.

तर अशा माणसाच्या घरात बायकोने खिडकीकडे बघत टीव्ही मागितला.

त्यांनी आधी एकट्यानेच जाऊन दुकान बघायचं ठरवलं. दुकान मोठं होतं, दोन मजल्यांचं. तळमजल्यावर फ्रिज आणि मशिनं, वर टीव्ही. जिन्याच्या तोंडाशी लाल कापडावर लिहिलं होतं, "वर्षातला सर्वांत मोठा सेल". काटेसाहेब मनात म्हणाले, सर्वांत मोठा हे कोणी मोजलं?

वरच्या मजल्यावर भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं. एक पोपट उडाला, मग मधाची धार पडली, मग कुठल्याशा डोंगरावर सूर्य उगवला. सगळं इतकं रंगीत की डोळे दिपावेत. टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते त्याने काटेसाहेबांना बघण्याआधीपासूनच लावलेलं होतं.

"या काका, काय दाखवू?"

"हा पोपट बंद करा आणि बातम्या लावा."

"काका, यात कलर बघा ना कसले येतात!"

"आमच्या घरी पोपट येत नाही. बातम्या येतात."

विक्रेत्याने बातम्या लावल्या. निवेदकाचा चेहरा कलिंगडासारखा लाल दिसत होता. काटेसाहेबांनी रंग उतरवायला लावले, मग आवाज वाढवायला, मग कमी करायला. मग खिशातून टेप काढून पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजला. पाटीवर लिहिलेलं माप बरोबर निघालं. याचंच त्यांना वाईट वाटलं. जिथे सगळं बरोबर निघतं तिथे चूक खोल पुरलेली असते, हाही त्यांचा एक अनुभव होता.

मग त्यांचं लक्ष किमतीच्या पाटीकडे गेलं. जुनी किंमत खोडून नवी लिहिली होती, आणि नवी निम्म्यावर होती. पाटीची कड जाड होती, जरा जास्तच जाड. एकावर एक दोन कागद चिकटवले की कड जशी दिसते तशी. त्यांनी नख लावायला हात पुढे केला, तेवढ्यात विक्रेता मध्ये आला.

"काका, ऑफर रविवारपर्यंतच आहे हं. काकूंनाही घेऊन या एकदा."

काटेसाहेब जिना उतरले. अर्ध्या वाटेवर त्यांना वाटलं, मी विवाहित आहे हे याला कसं कळलं? मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, की या वयाच्या माणसाला काकू असणारच. पण ते वाक्य पायात काटा मोडावा तसं सलत राहिलं.

घरी आल्यावर ते काकूंकडे जरा लक्ष देऊन बघू लागले. आणि एकदा बघायला लागल्यावर त्यांना जे दिसलं त्याने त्यांची झोप उडाली.

काकूंनी पेपर वाचणं सोडलं होतं. पूर्वी पेपर आला की आधी त्यांच्या हातात जायचा, त्यावरून दोघांची रोज कुरबूर व्हायची. आता त्या म्हणत, "तुम्हीच वाचा मोठ्याने, मी काम करता करता ऐकते." काटेसाहेबांना हे आधी मानाचं वाटलं होतं. आता वाटलं, हिला बातम्यांत रस उरला नाही, म्हणजे हिचं मन दुसरीकडेच कुठेतरी आहे. शेजारीण जिन्यात समोरून येऊन गेली तरी काकू तिच्याशी बोलल्या नाहीत, शेजारणीने हाक मारल्यावर मग "अगंबाई, तू होय!" म्हणाल्या. दर आठवड्याला एका दुपारी लेक येऊन त्यांना कुठेतरी घेऊन जायची. कुठे जाता, म्हणून विचारलं की दोघी एकदमच उत्तर देत, आणि दोघींची उत्तरं वेगवेगळी असत. आणि बोलताना काकू नजर चुकवत. सरळ प्रश्न विचारला की त्यांची मान हळूच एका बाजूला वळायची, कधी खिडकीकडे, कधी कपाटाकडे.

एका संध्याकाळी ते फिरून जरा लवकर परत आले. दार लोटलेलं होतं. आत काकू फोनवर बोलत होत्या.

"नाही गं, त्यांना आत्ता नको सांगूस. आधी टीव्ही येऊ दे. एकदा टीव्ही आला की बघू... हो, तो मुलगा चांगला आहे, त्याने सगळं समजून घेतलं."

काटेसाहेब दारातच थिजले. कोण मुलगा? काय समजून घेतलं? आणि टीव्ही आल्यावर बघायचं ते काय?

ते पुन्हा खाली उतरले, रस्त्यावर एक चक्कर मारून आले, आणि मोठ्याने खाकरत आत शिरले. काकूंनी फोन ठेवलेला होता.

त्यांनी मनाशी हिशेब मांडला. जावयाने दुकान सुचवलं, म्हणजे जावयाचं तिथे कमिशन. लेक नवऱ्याच्या बाजूने. बायको लेकीच्या बाजूने. इथपर्यंत चित्र जुळत होतं. पण कमिशन टीव्हीच्या किमतीचं असून असून किती असणार, त्यासाठी एवढी गुप्तता कशाला? तेव्हा यामागे आणखी काहीतरी मोठं शिजतंय. कदाचित हे घर विकून लेकीकडे राहायला जायचं घाटत असेल. टीव्ही म्हणजे मला गुंतवून ठेवायला खुळखुळा. म्हातारा भिंतीकडे बघत बसेल, मग सावकाश कागद पुढे करतील.

सरळ विचारायला हवं होतं. पण आयुष्यभर त्यांनी कोणाला सरळ विचारलं नव्हतं. निरीक्षक दुकानात शिरल्यावर "तुमचा काटा खोटा आहे का" असं विचारत नाही. तो गप्प उभा राहतो, बघतो आणि रंगेहाथ पकडतो.

रविवारी ते म्हणाले, "चल, आज टीव्ही बघून येऊ. सेलचा शेवटचा दिवस आहे."

काकूंचा चेहरा उजळला. तेव्हाही त्या बाजूला बघतच हसल्या.

दुकानात गर्दी होती. जिना चढताना काकूंनी त्यांचा दंड धरला, तेव्हा काटेसाहेबांना वाटलं, आज प्रेम जरा जास्तच उतू चाललंय. वरच्या मजल्यावर पाय ठेवला मात्र, टाय लावलेला तो विक्रेता लगबगीने पुढे आला आणि काटेसाहेबांना ओलांडून काकूंपाशी गेला.

"या काकू! आलात परत! तुमची खुर्ची आणू का?"

काटेसाहेब जागच्या जागी थांबले.

"तुमची खुर्ची?" ते हळूच म्हणाले. "म्हणजे तू इथे आधी येऊन गेली आहेस?"

काकू गडबडल्या. "अहो, ते... लेकीबरोबर एकदा..."

"एकदा?"

"एकदा-दोनदा."

आणि त्यांनी नजर फिरवली, थेट फ्रिजच्या जाहिरातीकडे.

झालं. काटेसाहेबांना जे हवं होतं ते मिळालं. ते तरातरा पुढे गेले, परवाच्या त्या टीव्हीच्या पाटीला नख लावलं आणि वरचा कागद टर्रकन ओढून काढला. खालच्या पाटीवर जुनी किंमत होती. सेलच्या आधीची. आणि ती सेलच्या किमतीएवढीच होती, वर एका पैशाचा फरक नाही. आधी किंमत दुप्पट लिहायची, मग ती खोडायची आणि त्याला म्हणायचं सेल.

"बघा!" त्यांनी तो कागद हवेत धरला. "बघा सगळ्यांनी! हा यांचा वर्षातला सर्वांत मोठा सेल!"

माणसं जमली. एका बाईने शेजारच्या टीव्हीची पाटी सोलायला सुरुवात केली. खालून मॅनेजर धावत आला. "काका, काका, शांत व्हा, केबिनमध्ये बसून बोलू," म्हणून तो हात जोडू लागला. पण काटेसाहेबांच्या अंगात नोकरीतले सगळे दिवस एकदम संचारले होते. ते विक्रेत्याकडे वळले.

"आणि तू! तुझा न् माझ्या घरच्यांचा काय व्यवहार आहे? कमिशन किती ठरलंय? जावयाला किती, मुलीला किती? माझ्या बायकोला तू खुर्ची कशाबद्दल देतोस?"

"अहो, पुरे!" काकू म्हणाल्या.

"तू गप्प बस. तुझं फोनवरचं बोलणं मी ऐकलंय. 'त्यांना आत्ता नको सांगूस. आधी टीव्ही येऊ दे.' काय नको सांगूस? सांग ना आता. माझ्याकडे बघून सांग!"

काकूंची मान तशीच वळलेली होती.

विक्रेत्याचं लावलेलं हसू कधीच गळून पडलं होतं. तो आधी मॅनेजरकडे बघत राहिला, मग काकूंकडे, आणि शेवटी घाबरतच म्हणाला, "काका, कमिशन वगैरे काही नाही हो. काकू इथे येऊन नुसत्या बसायच्या. मी एकेका टीव्हीसमोर खुर्ची ठेवायचो. किती मोठ्या पडद्यावर माणसाचं तोंड ओळखू येतं ते त्या बघत होत्या. लहानावर येत नव्हतं. मोठ्यावरही... म्हणजे जवळ बसलं तर थोडं थोडं येत होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

सगळ्या भिंतींवर पोपट उडाला.

"काय माहीत असेल?" काटेसाहेबांनी विचारलं. पण त्यांच्या आवाजातला निरीक्षक निघून गेला होता.

"घरी चला," काकू म्हणाल्या. "इथे नको."

जिना उतरताना काकूंनी पुन्हा त्यांचा दंड धरला. या वेळी काटेसाहेबांनी खाली पाहिलं. प्रत्येक पायरीवर काकूंचा पाय आधी कड चाचपत होता, मग टेकत होता.

घरापर्यंत जाणं काही झालं नाही. रस्त्याच्या कडेला बसथांब्याचा बाक होता, तिथेच काटेसाहेब बसले. काकू शेजारी बसल्या. समोरून गाड्या जात होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"डावा आधी गेला. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग उजव्यातही सुरू झालं. दाराच्या चौकटी वाकड्या दिसायला लागल्या."

"पूर्ण दिसत नाही?"

"तसं नाही हो. कडेचं दिसतं. मधलं दिसत नाही." काकूंनी त्यांच्याकडे तोंड केलं, अगदी सरळ, कितीतरी दिवसांनी. "आता मी सरळ बघतेय ना तुमच्याकडे? तर तुमच्या तोंडाच्या जागी नुसता करडा धब्बा आहे. शर्टाची कॉलर दिसते, केस दिसतात, मध्ये काही नाही." मग त्यांनी मान हळूच वळवली, रस्त्यापलीकडच्या झाडाकडे. "आणि आता दिसताय. मिशी दिसते, कपाळ दिसतं. दाढी नीट झालेली नाही तुमची आज. तुम्हाला बघायचं म्हणजे मला दुसरीकडे बघावं लागतं."

काटेसाहेबांना आता उमगलं. इतके दिवस ही बाई आपल्याला बघण्यासाठी मान वळवत होती, आणि आपण तिच्यावर खोट्या काट्याचा गुन्हा लावत होतो.

"मला का नाही सांगितलंस?" अखेर ते म्हणाले.

"तुम्हाला? माझ्या गुडघ्याच्या वेळी काय झालं आठवतंय ना? पहिल्या डॉक्टरला तुम्ही म्हणालात, एक्स-रे काढायची गरज नव्हती, तुमचे तिथे लागेबांधे असतील. दुसऱ्याला म्हणालात, पहिल्याने उलट सांगितलं, तुमच्यातला खोटा कोण? तिसऱ्याने आपल्याला बाहेर काढलं. गुडघा माझा दुखत होता आणि मी तुमची समजूत काढत होते. शेवटी आपोआप बरा झाला म्हणून सुटले." काकूंचा आवाज चढला नव्हता. "डोळा आपोआप बरा होत नाही, असं ती डॉक्टरीण म्हणाली. डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं म्हणाली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिचाच काटा तपासायला घेतला असता. माझ्यात तेवढं बळ नव्हतं."

"मग घेतलंस इंजेक्शन?"

"नाही. भीती वाटते. आणि घरी कसं लपवणार? पट्टी बांधतात. म्हणून म्हटलं, आधी टीव्ही तरी येऊ दे. दिसतंय तोवर बघून घेऊ. मग सांगू."

"किती दिवस झाले तिने सांगून?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यावरून काय ते काटेसाहेबांना कळलं.

एक बस आली, थांबली, आणि हे दोघं चढत नाहीत असं बघून निघून गेली. काटेसाहेबांनी बायकोचा हात हातात घेतला. भररस्त्यात असं त्यांनी कधी केलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "लोक बघतायत." ते म्हणाले, "बघू देत."

रात्री लेकीचा फोन आला. दुकानातला प्रकार तिला कळला होता. बाबा ओरडणार म्हणून ती तयारीत होती. बाबा ओरडले नाहीत, तेव्हा मात्र तिचाच बांध फुटला. "बाबा, सगळ्या जगाच्या चोऱ्या तुम्हाला दिसतात. घरात आई भिंतींना हात लावून चालते ते दिसलं नाही? मी दहादा म्हटलं तिला, सांगू या. ती म्हणायची, त्यांना त्रास नको. तुम्हाला त्रास नको!"

"डॉक्टरांकडची वेळ घे," काटेसाहेब म्हणाले. "उद्याची मिळाली तर उद्याची."

उद्याची नाही, पण त्यानंतरच्या दिवशीची मिळाली. डॉक्टरीण तरुण होती, केस कापलेली, भराभर बोलणारी. तिच्या खोलीत अंधार होता आणि मधोमध हनुवटी टेकवायचं यंत्र होतं. तिने काकूंपुढे चौकड्यांचा एक कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. काटेसाहेबांनीही मागून वाकून पाहिलं. त्यांना चौकड्या दिसल्या, आखीव, सरळ.

"रेघा कशा दिसतात?" डॉक्टरणीने विचारलं.

"कडेच्या बऱ्या आहेत. मधल्या पाण्यात बुडाल्यासारख्या. वाकून वाकून जातात आणि मग नाहीशाच होतात," काकू म्हणाल्या.

काटेसाहेबांनी पुन्हा एकदा तो कागद बघितला. आयुष्यभर त्यांच्या बॅगेत प्रमाणित वजनं असायची, कोणाचं खरं आणि कोणाचं खोटं ते ठरवायला. इथे एकच कागद दोन माणसांना दोन तऱ्हांनी दिसत होता, आणि दोघंही खरं बोलत होते.

तरी सवय जाते कुठे! डॉक्टरणीने यंत्र जवळ ओढलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "हे तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?"

लेकीने डोळे मिटले. काकूंनी सुस्कारा सोडला. डॉक्टरणीने मात्र शांतपणे यंत्र फिरवलं आणि मागे चिकटवलेला तपासणीचा कागद दाखवला. काटेसाहेबांनी चष्मा वर करून तारीख वाचली, शिक्का बघितला. तोंड उघडलं. आणि मग मिटलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं."

काकूंनी आश्चर्याने मान वळवली, म्हणजे अर्थात दुसरीकडे.

डॉक्टरणीने काही लपवलं नाही. डाव्या डोळ्याचं मधलं गेलं ते गेलं. उजव्याचं जे उरलंय ते इंजेक्शनांनी टिकण्याची आशा आहे, पण वेळेवर घ्यायला हवीत, आणि आणखी आधी आला असतात तर जास्त उरलं असतं. हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. काटेसाहेबांना ते पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी त्यांनी आत येण्याचा हट्ट धरला. नर्सने त्यांचा पांढरा पडलेला चेहरा पाहून त्यांना बाहेर बसवलं. काकू आत गेल्या आणि थोड्याच वेळात पट्टी बांधून आल्या. "मुंगी चावल्यासारखं झालं बघा," त्या म्हणाल्या. "उगाच एवढी घाबरले." काटेसाहेबांनी तोवर भिंतीवरच्या सगळ्या सूचना दोनदोनदा वाचून काढल्या होत्या आणि त्यातली एकही त्यांना आठवत नव्हती.

मग काही महिने हेच चाललं. इंजेक्शन, पट्टी, थेंब. थेंब घालायचं काम काटेसाहेबांनी घेतलं, आणि ते त्यांच्या स्वभावाला मानवलं. एक थेंब म्हणजे एकच थेंब. उजव्या डोळ्याला दिसणाऱ्या चौकटी सरळ झाल्या नाहीत, पण आणखी वाकड्याही झाल्या नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, हेच पुष्कळ आहे.

त्यानंतर काटेसाहेब एके दिवशी एकटेच चौकातल्या दुकानात गेले. लाल कापड उतरवलेलं होतं. पाट्या बदलल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकच किंमत होती. टाय लावलेला विक्रेता त्यांना बघून दोन पावलं मागे सरकला.

"घाबरू नको," काटेसाहेब म्हणाले. "त्या दिवशी तुला नको ते बोललो. तुझी काही चूक नव्हती. आता सांग, ती कुठल्या टीव्हीसमोर बसायची?"

विक्रेत्याने दाखवला. भिंतीच्या टोकाला लावलेला, सगळ्यात मोठा. दाखवण्यासाठी वापरलेला नग होता तो, म्हणून किंमत आधीच उतरलेली होती. काटेसाहेबांनी खुर्ची मागवली, जवळ बसले, आणि मग व्हायचं तेच झालं. त्यांनी टेप काढला. बातम्या लावल्या, आवाज चढवला, उतरवला, मागचे सगळे स्क्रू बघितले, वायरी हलवून पाहिल्या. पडदा पूर्ण काळा करायला लावला, तेव्हा वर उजव्या कोपऱ्यात त्यांना लिंबाएवढा पांढुरका डाग दिसला.

"हे काय?"

"काका, आतला एक दिवा हल्लीच सरकलाय. कोपऱ्यात आहे, चित्र चालू असताना लक्षातही येत नाही."

"कोपऱ्यात कोण बघतं," काटेसाहेब म्हणाले, आणि त्या डागावर त्यांनी मॅनेजरकडून किंमत आणखी अशी काही खाली आणली की मॅनेजरने सही करताना पेन दोनदा उचललं. घरी जाताना काटेसाहेब बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते.

टीव्ही आला, जावयाने भिंतीवर बसवला, लेकीने चहा केला. काकूंची खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ठेवली. काटेसाहेबांनी मोठ्या ऐटीत रिमोट दाबला. गाण्याचा कार्यक्रम लागला. काकूंनी मान जरा डावीकडे वळवली, जरा खाली केली, आणि बघत राहिल्या.

"बाईने जांभळी साडी नेसलीय," त्या म्हणाल्या. "नाक धारदार आहे. दिसतंय हो!"

काटेसाहेबांनी जावयाकडे बघून मिशीला हात लावला.

"पण अहो," काकू म्हणाल्या, "वर त्या कोपऱ्यात पांढरं पांढरं काय आहे?"

जावई हळूच खोलीबाहेर सटकला.

"डाग आहे," काटेसाहेब शेवटी म्हणाले. "त्याच्यामुळे तर स्वस्त मिळाला. मला वाटलं कोपऱ्यात कोणाचं लक्ष..."

"अहो, सगळ्या घरात कोपरे बघणारी मी एकटी, आणि माझ्यासाठी तुम्ही कोपरा बिघडलेला टीव्ही आणलात?"

लेकीला आधी हसू फुटलं. मग काकूंना. काकू इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि काटेसाहेब "अगं, डोळे चोळू नकोस, डॉक्टरीण काय म्हणाली!" म्हणत रुमाल घेऊन धावले.

"उद्याच परत करतो," ते म्हणाले.

"काही नको परत. पुन्हा तुम्ही टेप घेऊन जाल आणि तो बिचारा मुलगा नोकरी सोडेल. असू दे. सवय होईल."

"नक्की?"

"बसा आता. तुम्ही मध्ये उभे राहिलात की मला डागही दिसत नाही."

काटेसाहेबांनी दुसरी खुर्ची ओढून काकूंच्या खुर्चीला लावली. इतक्या जवळून त्यांना चित्र नीट दिसेना, नुसते रंग हलताना दिसत होते आणि डोळे दुखत होते. ते तसेच बसून राहिले. गाणं संपलं, दुसरी बाई आली, आणि काकू त्यांना सांगू लागल्या की हिची साडी हिरवी आहे.